कागदी पट्टीवर थांबलेला सिकलसेलचा लढा

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन मिशनची सुरुवात झाली. तीन वर्षांत बाधित आदिवासी भागातील ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे उच्चाटन, अशी दोन उद्दिष्टे त्या वेळी जाहीर झाली. जुलै २०२५ मध्ये सरकारने सांगितले की, ६ कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली असून त्यात दोन लाखांवर रुग्ण आणि सोळा लाखांवर वाहक सापडले आहेत. दोन वर्षांत एवढी माणसे तपासली गेली याचे श्रेय गावातल्या गावात होऊ शकणाऱ्या स्वस्त तपासण्यांना आहे आणि त्यातही बोटभर लांबीच्या कागदी पट्टीला आहे. या पट्टीचे आम्ही स्वागत करतो. परंतु सरकारचा हिशेब पट्टी मोजून संपतो आणि रुग्णाचा प्रश्न मात्र पट्टीनंतर सुरू होतो, याकडे समाजाचे लक्ष वेधणे आम्हाला अगत्याचे वाटते. गरिबाच्या वाट्याला स्वस्त तपासणी यावी. पण तपासणी स्वस्त म्हणून तिची हमीही स्वस्त, हे आम्हाला मान्य नाही.

आम्ही हे अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवराकाठच्या बेलापुरातून लिहीत आहोत. 'हा तर नागपूर-गडचिरोलीचा आजार, आपल्या नगर जिल्ह्याला त्याचे काय?' असे आमचेच कार्यकर्ते आम्हाला विचारतात. त्यांना आमचे उत्तर असे की, बौद्ध समाजाची सोयरीक आता जिल्ह्यापुरती राहिलेली नाही. नोकरीनिमित्त नागपूर, भंडारा, चंद्रपूरची कुटुंबे पुणे, नाशिक, नगर आणि मुंबईत आली. वधू-वर परिचय मेळाव्यात विदर्भाचे स्थळ येते आणि ते यावेच. शिवाय ज्या भिल्ल समाजात खानदेशात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो, तो भिल्ल समाज आमच्या श्रीरामपूर-राहुरी पट्ट्यातही उसाच्या शेतात राबतो आहे. डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेबांनी महार वतनदारांच्या प्रश्नावर ज्या हरेगावात परिषद घेतली, ते हरेगाव आमच्याच तालुक्यातले. त्या परिषदेतला प्रश्न एका गावाचा नव्हता आणि हा प्रश्नही एका विभागाचा नाही.

आता हा आजार काय आहे ते समजून घेऊ. रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. त्याच्या बांधणीत एका ठिकाणी जन्मतः फरक पडला की 'एस' जातीचे हिमोग्लोबिन तयार होते. प्राणवायू कमी पडला की अशा पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. मग रक्त कमी होते, हाडे आणि सांधे असह्य दुखतात, वारंवार जंतुसंसर्ग होतो, प्लीहा, फुप्फुस, मेंदू यांना इजा होते. आई आणि वडील दोघांकडूनही 'एस' आला तर मूल रुग्ण होते. विदर्भात त्याला एसएस पॅटर्न म्हणतात. एकाकडूनच आला तर एएस पॅटर्न, म्हणजे वाहक. वाहक हा आजारी नसतो. मात्र दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. एकच जोडीदार वाहक असेल आणि दुसऱ्याचे हिमोग्लोबिन सर्वसाधारण असेल तर मूल रुग्ण होत नाही.

या आजाराचा जातीच्या हलकेपणाशी काडीचाही संबंध नाही. जिथे पिढ्यानपिढ्या हिवतापाने माणसे मेली, तिथे वाहक माणसे जीवघेण्या हिवतापातून अधिक वाचली, म्हणून हा गुणधर्म टिकला. जंगलाच्या कडेला, गावकुसाबाहेर, दलदलीजवळ कोणाला राहावे लागले, हा इतिहास आम्ही वेगळा सांगायला नको.

या इतिहासातले एक वर्ष मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा निबंध 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जेमतेम दोन वर्षे होत होती. म्हणजे विदर्भातील महार समाजात हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्राला तेव्हापासून ठाऊक आहे. तरीही महाराष्ट्र शासनाचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम उभा राहायला सुमारे पन्नास वर्षे जावी लागली. तोपर्यंत लेकरू हातापायाला सूज येऊन रडत राहिले तर वात म्हणायचे, अंग पिवळे पडले तर कावीळ उतरवून घ्यायची आणि मेले तर नशीब म्हणायचे, हेच चालले.

तपासणी नव्हती असे नाही. होती ती विद्राव्यता चाचणी, म्हणजे सोल्युबिलिटी. रसायनाच्या नळीत रक्ताचा थेंब टाकायचा. द्रव गढूळ झाला तर 'एस' आहे. ही चाचणी स्वस्त आहे. पण माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगू शकत नाही. नवजात बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच जास्त असल्याने तिथे ती भरवशाची नाही. पुढचे उत्तर मिळवायचे तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी हवे. त्यासाठी यंत्र, वीज आणि तंत्रज्ञ हवा आणि हे सारे शहरात. नमुना शहरात जायचा, अहवाल कधी यायचा, कधी यायचाच नाही. मजुरी बुडवून दुसऱ्यांदा दवाखान्यात कोण जाणार?

ही अडचण कागदी पट्टीने बरीच दूर केली. गरोदरपणाची तपासणी करणारी 'निश्चय' पट्टी आशाताईंमुळे गावोगाव माहीत आहे. सिकलसेलची पट्टी त्याच जातकुळीतली. बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, द्रावणात मिसळायचा, पट्टीचे टोक त्यात बुडवायचे. टीपकागदावर शाई चढावी तसे ते पाणी कागदातून वर चढते. कागदावर ठरावीक जागी बसवलेली प्रतिपिंडे 'ए' आणि 'एस' वेगवेगळे ओळखतात आणि पंधरा-वीस मिनिटांच्या आत रेषांवरून कळते की माणूस सर्वसाधारण आहे, वाहक आहे की रुग्ण. वीज नको, यंत्र नको. नवजात बाळाचीही तपासणी होऊ शकते आणि हा सर्वांत मोठा लाभ आहे. कारण पहिल्या काही महिन्यांतच आजार कळला तर पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस देऊन मूल वाचवता येते. हिमोटाइप एससी आणि सिकल स्कॅन या सुरुवातीच्या पट्ट्या अमेरिकेतून आल्या. त्यातील हिमोटाइपची भारतात अनेक केंद्रांवर पडताळणी झाली. त्यात मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता आणि निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे भारतीय कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या.

इथपर्यंतचे सारे कौतुकाचे. पण कोणत्याही साधनाची मर्यादा आधी विचारावी, ही आम्हा वकिलांची सवय आहे आणि तपासल्याशिवाय काही स्वीकारू नये ही तथागतांची शिकवण आहे. म्हणून या पट्टीच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा वाचण्याची. सिकल स्कॅनमध्ये जी रेषा दिसते ते हिमोग्लोबिन रक्तात आहे, असा अर्थ. हिमोटाइपमध्ये बरोबर उलटे: जी रेषा दिसत नाही ते रक्तात आहे! दोन्ही पद्धती शास्त्रशुद्धच आहेत. परंतु या वर्षी एका पद्धतीची पट्टी आणि पुढच्या वर्षी निविदा बदलली म्हणून दुसऱ्या पद्धतीची पट्टी हातात पडली आणि प्रशिक्षण मात्र जुनेच राहिले, तर रुग्णाला निरोगी आणि निरोग्याला रुग्ण ठरवायला किती वेळ लागेल? ज्या आशाताईंना पगार नाही, कामागे मोबदला मिळतो, त्यांच्यावर ही जबाबदारी टाकताना प्रशिक्षणावर खर्च कोण करणार?

दुसरी मर्यादा रक्ताची. ज्याला नुकतेच रक्त चढवले आहे त्याच्या अंगात दात्याचे 'ए' हिमोग्लोबिन असते. खरा रुग्ण पट्टीवर वाहक दिसतो. म्हणून रक्त चढवल्यावर तीन-चार महिने पट्टीवर विसंबता येत नाही. तसेच एका बाजूने सिकल आणि दुसऱ्या बाजूने थॅलेसेमिया आलेल्या काही रुग्णांत थोडे 'ए' तयार होत असते. पट्टी त्यांनाही वाहकच म्हणते. शिवाय केवळ थॅलेसेमियाचा वाहक असलेला माणूस या पट्टीला दिसतच नाही. एक जोडीदार सिकलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा, तरीही मूल रुग्ण होऊ शकते. 'पट्टीवर एकच वाहक निघाला, आता निर्धास्त राहा', असे सांगणे म्हणूनच अर्धवट आहे.

तिसरी मर्यादा हवामानाची. अशा पट्ट्यांच्या पाकिटावर साठवणीचे तापमान छापलेले असते, बहुधा ३० किंवा ४० अंशांपर्यंत. चंद्रपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत महिनाभर पडलेली पट्टी खरे बोलेल याची खात्री कोण देणार?

चौथी मर्यादा गणिताची. समजा एखादी पट्टी शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर उत्तर देते. ऐकायला छान वाटते. पण ६ कोटी लोकांत शेकडा एक चूक म्हणजे ६ लाख माणसे. म्हणून पट्टीवर 'एस' निघालेल्या प्रत्येकाची एचपीएलसीसारखी खात्रीची दुसरी तपासणी हा पट्टीचाच दुसरा भाग मानला पाहिजे. ती उपकार म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून झाली पाहिजे.

यातल्या बऱ्याच अडचणी शास्त्र सोडवू शकते. उष्णतेत टिकणारी पट्टी, सर्व कंपन्यांसाठी एकच वाचन पद्धत, थॅलेसेमियाचाही अंदाज देणारी तपासणी, हे अशक्य काम नाही. प्रश्न आहे तो प्राधान्याचा. याचा पुरावा आमच्यासमोर आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत डॉ. देबज्योती चक्रवर्ती आणि डॉ. सौविक मैती हे शास्त्रज्ञ सिकलसेलवर काम करीत होते. जनुकातील एका अक्षराचा फरक ओळखून तो कागदी पट्टीवर दाखवण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. २०२० मध्ये कोरोना आला. तीच पद्धत कोरोनाकडे वळवली गेली, 'फेलुदा' हे नाव मिळाले, टाटा समूह पुढे आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये औषध महानियंत्रकांची परवानगीही मिळाली. शास्त्रज्ञांचे आम्ही अभिनंदनच करतो. पण ज्या आजाराने बंगल्यातला माणूस मरू शकतो त्याची पट्टी काही महिन्यांत बाजारात येते आणि ज्या आजाराने वस्तीतले आणि पाड्यावरचे लेकरू मरते त्याला १९५८ पासून २०२३ पर्यंत राष्ट्रीय मिशनची वाट पाहावी लागते, याला काय म्हणायचे? बुद्धी होती, प्रयोगशाळा होती. घाई नव्हती, कारण मरणारे कोण होते ते सर्वांना ठाऊक होते.

घाई होते तेव्हा काय होते, तेही आपण पाहिले आहे. एप्रिल २०२० मध्ये चीनहून कोरोनाच्या प्रतिपिंड तपासणीच्या जलद पट्ट्या आल्या. राज्यांकडून तक्रारी येताच आयसीएमआरला त्यांचा वापर थांबवायला सांगावे लागले. त्याच सुमारास वितरक कंपन्यांचा आपसातला वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि त्यातून उघड झाले की सुमारे २४५ रुपयांत देशात आलेली पट्टी सरकारला ६०० रुपयांना विकली जात होती. न्यायालयाने ४०० रुपयांची मर्यादा घातली. दुसरे उदाहरण क्षयरोगाचे. रक्ताच्या थेंबावर क्षय ओळखण्याचा दावा करणाऱ्या तपासण्या, त्यांत झटपट कार्डेही आली, आपल्या देशात वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नका असे बजावले आणि जून २०१२ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. तोपर्यंत किती गरिबांनी दागिना गहाण ठेवून चुकीचा अहवाल विकत घेतला, त्याचा हिशेब कोणी दिला नाही.

आज कायदा आहे. वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत आणि तपासणीच्या पट्ट्या त्यांच्या कक्षेत येतात. परंतु परवाना मिळालेल्या कंपनीची प्रत्येक खेप चांगलीच असते असे नाही आणि सरकारी खरेदीत सर्वांत कमी दर हाच निकष ठरतो तेव्हा खेप तपासणार कोण, हा प्रश्न उरतो. त्यात एक कायदेशीर मेख आहे, ती समाजाने नीट समजून घ्यावी. खासगी प्रयोगशाळेत पैसे भरून तपासणी केली आणि अहवाल निष्काळजीपणामुळे चुकीचा आला तर ग्राहक मंचात जाता येते. परंतु १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालानुसार जिथे सर्वांनाच सेवा मोफत मिळते तिथला रुग्ण 'ग्राहक' ठरत नाही. म्हणजे फुकट पट्टीने ज्याचा घात केला, त्याला ग्राहक मंचाचे दार बंद! त्याच्यासाठी उरतो तो संविधानाचा अनुच्छेद २१. पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी रुग्णालयांनी उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग मानला आणि भरपाई दिली. बाबासाहेबांनी दिलेला हा मार्ग आहे. पण त्यासाठी कागद हवा. पट्टी कोणत्या कंपनीची, कोणत्या खेपेची, कोणत्या तारखेची, याची नोंद रुग्णाच्या हातात नसेल तर वकील न्यायालयात काय दाखवणार?

आता हक्कांचा प्रश्न. मिशनची सारी भाषा आदिवासींची आहे. आदिवासी बांधवांना ते मिळालेच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु पूर्व विदर्भातील अनुसूचित जाती आणि बौद्ध समाजावरही या आजाराचे ओझे मोठे आहे आणि उद्दिष्टातला ७ कोटींचा आकडा मांडताना त्यांचे नाव येत नाही. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून आयुष्यभर या रुग्णांसाठी लढा दिला. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. अशा लढ्यांमुळेच दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या अनुसूचीत हिमोफिलिया आणि थॅलेसेमियाबरोबर सिकलसेलचा समावेश झाला. ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर उच्च शिक्षणातील राखीव जागांचा लाभ घेता येतो. पण याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये नोकरीतील आरक्षणासाठी ज्या दिव्यांगत्वांची नावे आहेत त्यांत रक्ताचे विकार नाहीत. म्हणजे मुलाने दुखणे सोसत पदवी घ्यावी आणि नोकरीच्या दारात मात्र 'तू या यादीत नाहीस' असे ऐकावे. ही तफावत दूर करण्यासाठी आमच्या लोकप्रतिनिधींनी संसदेत किती वेळा आवाज उठवला?

प्रश्न फक्त सरकारलाच विचारून भागणार नाही. लग्न ठरले आणि मुलीचा एएस पॅटर्न कळताच मोडले, अशा तक्रारी घेऊन आमच्याकडे माणसे येतात. मुलगा वाहक असला तर लपवायचे आणि मुलगी वाहक असली तर नाकारायचे, हा कुठला धम्म? आम्ही कुंडली टाकून दिली. आता रक्ताच्या अहवालाची नवी कुंडली करून मुलींना वेठीस धरायचे काय? वाहक असणे हा दोष नाही, हे विहारातून सांगितले गेले पाहिजे. दोघेही वाहक असतील तर त्यांना समुपदेशन मिळाले पाहिजे. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानेही हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भतपासणीची मुभा ठेवलेली आहे. हा मार्गही दाखवला पाहिजे. निर्णय त्या दोघांचा. आणि तपासणीचा निकाल ही व्यक्तीची खासगी बाब आहे. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. शाळेत, वसतिगृहात सर्वांसमोर पट्ट्या वाचून नावे पुकारणे हा त्या हक्काचा भंग आहे, हे शिबिरे घेणाऱ्या आपल्याच संघटनांनीही ध्यानात ठेवावे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पट्टीवर 'एस' आलेल्या प्रत्येकाची खात्रीची तपासणी ठरावीक मुदतीत व्हावी आणि अहवाल त्याच्या हाती पडावा. पट्ट्यांची प्रत्येक खेप वापरापूर्वी सरकारी संस्थेकडून तपासली जावी. प्रत्येक तालुक्यात हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या अखंड मिळाव्यात. हे औषध राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, दुर्मिळ नाही. सरकारी रुग्णालयात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची तपासणी बाधित जिल्ह्यांत सक्तीने उपलब्ध करावी. आणि मिशनच्या आकडेवारीत अनुसूचित जाती व बौद्धांची स्वतंत्र नोंद असावी.

मागण्यांचे निवेदन देऊन फोटो काढण्याचे दिवस संपले. कार्यकर्त्यांच्या हातात २००५ चा माहितीचा अधिकार आहे. प्रत्येक तालुक्यात एकाने जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे अर्ज टाकावा. कोणत्या कंपनीची पट्टी घेतली, किती तापमानात ठेवली, किती जणांत 'एस' निघाला, त्यातील किती जणांची दुसरी तपासणी झाली, किती रुग्णांना गोळी सुरू झाली, हे पाच प्रश्न विचारावेत. नियमानुसार तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. न मिळाल्यास पहिले अपील. श्रीरामपूर तालुक्यापुरता असा अर्ज आम्ही करीत आहोत. विदर्भातील बांधवांनी तो जिल्ह्याजिल्ह्यात करावा. सहा कोटी पट्ट्यांनंतर किती लेकरांना औषध मिळाले, हा आकडा सरकारकडून लेखी मिळवल्याशिवाय थांबायचे नाही.